तेरा फेब्रुवारीचं पत्रक, बावीस फेब्रुवारीचा रेडिओ

९ फेब्रुवारी १९८६, रविवारची रात्र. फिलिपिन्सची राजधानी मनिला इथल्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची, निवडणूक आयोगाची मतमोजणी चालू होती. संगणकावर आकडे भरायला बसलेल्यांपैकी तीसेक जण, त्यांत बायकाच जास्त, खुर्च्या मागे सारून उठले आणि सभागृहाबाहेर चालते झाले. आपण यंत्रात भरतो तो आकडा एक आणि समोरच्या फलकावर झळकतो तो दुसराच, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळी सरकारी कामावरची माणसं. बाहेर पडून जायचं कुठे? पोलिसांत जाण्यात अर्थ नव्हता, कोर्टावर भरवसा नव्हता. ती गेली बाक्लारानच्या चर्चमध्ये, रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या धर्मगुरूंकडे.

चर्चमध्येच का, हा प्रश्न मला या प्रकरणात फार मोलाचा वाटतो. देशातले सुमारे ८५ टक्के लोक कॅथलिक होते, हे उत्तर झालं, पण अपुरं. त्या देशात खरं काय ते बोलून ठेवावं अशी जागाच फारशी उरली नव्हती. वर्तमानपत्रं, संसद, निवडणूक आयोग सगळं राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस या एका माणसाच्या मुठीत. सत्य ठेवायला जागा नसली की लोक ते देवळात नेऊन ठेवतात. आणि एकदा ते तिथे आणून ठेवलं की देवळाला ‘आमचा राजकारणाशी संबंध नाही’ असं म्हणता येत नाही.

कॅथलिक सामाजिक शिकवण आपण बहुधा तत्त्वांची यादी म्हणून शिकवतो: मानवी प्रतिष्ठा, समाईक हित, एकजूट वगैरे. यादी पाठ होते. पण अपुऱ्या माहितीवर, हाताशी दोनचार दिवस असताना, बंदुकीच्या सावलीत निर्णय घ्यायची वेळ आली की त्या यादीचं काय होतं, ते फिलिपिन्सच्या त्या फेब्रुवारीत दिसतं. त्यातल्या दोन गोष्टी नेहमी एका दमात सांगितल्या जातात: बिशपांच्या परिषदेचं १३ तारखेचं पत्रक आणि कार्डिनल हाइमे सिन यांनी २२ तारखेच्या रात्री रेडिओवरून केलेलं आवाहन. माझ्या मते या दोन वेगळ्या जातीच्या कृती आहेत. त्या एक मानल्यामुळे पुढे बराच घोळ झाला.

आधी काय घडलं होतं

फर्डिनांड मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा लागू केला. तो जानेवारी १९८१ मध्ये कागदोपत्री उठला, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भेटीच्या महिनाभर आधी. पोप आले आणि मालाकान्यांग या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात, यजमानाच्याच घरात, बोलले: परिस्थिती कितीही अपवादात्मक असो, माणसाची मूलभूत प्रतिष्ठा आणि तिचं रक्षण करणारे हक्क मोडण्याचं समर्थन कधीच होऊ शकत नाही.

फिलिपिन्सचे बिशप मात्र एका सुरात बोलत नव्हते. काही सरकारला धरून होते. मनिलाचे आर्चबिशप सिन आपल्या धोरणाला ‘टीकात्मक सहकार्य’ म्हणत. म्हणजे चांगल्याला साथ, वाइटावर बोट. ऐकायला छान, रोजच्या व्यवहारात दोन्ही बाजूंना न पटणारं. आणि काही मोजके बिशप उघड विरोधात होते. मिंडानाव बेटावरच्या मलायबलायचे जेझुइट बिशप फ्रान्सिस्को क्लावेर त्यांपैकी एक. १९७६ मध्ये त्यांच्या धर्मप्रांताचं रेडिओ केंद्र सरकारने बंद पाडलं होतं. दुसऱ्या टोकाला काही धर्मगुरू झगा उतरवून कम्युनिस्ट गनिमांच्या न्यू पीपल्स आर्मीत गेले होते. कोनराडो बाल्वेग हे त्यांतलं सर्वांना माहीत असलेलं नाव.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी पक्षनेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतले आणि मनिलाच्या विमानतळावर विमानातून खाली आणतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. त्यानंतरच्या काळात एक गोष्ट शांतपणे घडली, तिच्याकडे इतिहासाची पुस्तकं सहसा लक्ष देत नाहीत. हिल्डेगार्ड आणि जाँ गॉस-माय्र या जोडप्याने फिलिपिन्समध्ये सक्रिय अहिंसेची शिबिरं घेतली. त्यांत धर्मगुरू, सिस्टर, कार्यकर्ते आणि बिशपही बसले. जेझुइट होसे ब्लांको यांनी त्यातूनच एक संघटना उभी केली. भाविक माणसं ऐनवेळी रणगाड्यापुढे गुडघे टेकतात ते केवळ भक्तीने नव्हे. कुणीतरी आधी येऊन, ओरडणाऱ्या शिपायासमोर आपला आवाज कसा खाली ठेवायचा याचा सराव करून घेतलेला असतो.

नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्कोस यांनी एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. ७ फेब्रुवारी १९८६ ही तारीख ठरली. विरोधकांत दोन दावेदार होते: अक्विनो यांच्या पत्नी कोराझॉन (कोरी) आणि साल्वादोर लॉरेल. दोघांना एका तिकिटावर आणण्यात कार्डिनल सिन यांचा मोठा हात होता. कोरी राष्ट्राध्यक्षपदासाठी, लॉरेल उपाध्यक्षपदासाठी.

इथे जरा थांबतो. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतला २८५ वा नियम धर्मगुरूंना सत्तेचं पद घेऊ देत नाही. २८७ वा नियम राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ देत नाही, अपवाद फक्त ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, हक्कांचं रक्षण किंवा समाईक हितासाठी वरिष्ठांनी तशी गरज ठरवली तर. कार्डिनल पक्षाचे सदस्य नव्हते, हे खरं. पण तिकीटवाटपाची मध्यस्थी हे पक्षाचंच काम आहे. रेडिओच्या आवाहनावर पानंच्या पानं लिहिली गेली. या मध्यस्थीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात शिकवणीच्या कुंपणाला सर्वांत जास्त घासून गेलेली गोष्ट हीच.

त्याच सुमाराला मतांची खरेदी जोरात होती, आणि तिच्यावर सिन यांनी दिलेला सल्ला पुष्कळांना धक्का देऊन गेला: पैसे घेतले असतील तरी मत आपल्या सदसद्विवेकबुद्धीनेच द्या. वरवर पाहता ही चलाखी वाटते. पण त्यामागे नीतिशास्त्रातला जुना सिद्धांत आहे: जो करारच अनैतिक आहे तो माणसाला बांधत नाही. मत विकता येण्याजोगी वस्तूच नाही, तर विक्रीचा शब्द मोडला असं म्हणणार कसं? हातावर पोट असलेल्या माणसाला ‘पैसे नाकार’ एवढंच सांगून मोकळं होण्यापेक्षा हा सल्ला मला जास्त माणुसकीचा वाटतो.

मतदान झालं. नामफ्रेल या नागरिकांच्या संघटनेचे लाखो स्वयंसेवक केंद्राकेंद्रांवर उभे होते; अनेक ठिकाणी सिस्टर मतपेट्यांना बिलगून बसल्या. याद्यांतून नावं गायब होती, पेट्या पळवल्या जात होत्या. ११ तारखेला आंतिके प्रांताचे माजी गव्हर्नर एवेलिओ हावियेर यांना भर गावात गोळ्या घालून मारण्यात आलं. अधिकृत आकड्यांत मार्कोस यांना एक कोटी आठ लाखांच्या घरात मतं पडली, कोरी अक्विनोंना सुमारे त्र्याण्णव लाख. नामफ्रेलच्या मोजणीत कोरी पुढे होत्या.

पत्रक

बिशपांची परिषद मनिलात भरली. सेबूचे कार्डिनल रिकार्डो विदाल तिचे अध्यक्ष होते. पत्रकाचा मसुदा क्लावेर यांच्या हातचा, असं मानलं जातं, आणि वाचताना ते पटतं. त्यात एक शब्द वावगा नाही. १३ फेब्रुवारी ही त्यावरची तारीख. रविवारी, १६ तारखेला, ते देशभरच्या चर्चमधून वाचून दाखवलं गेलं.

सुरुवातच पाहा. लोक बोलले आहेत, असं म्हणून पत्रक थांबतं आणि दुरुस्ती करतं: किंवा बोलण्याचा त्यांनी प्रयत्न तरी केला आहे. मग चार आरोप, कुणाचंही नाव न घेता: मतदारांना पद्धतशीरपणे मतदानापासून वंचित ठेवणं, मतांची सर्रास खरेदी, निकालपत्रकांत जाणूनबुजून फेरफार, आणि धाकदपटशा, छळ, खून. मग तो निर्णायक निवाडा: फसवणुकीने सत्तेवर येणाऱ्या किंवा टिकून राहणाऱ्या सरकारला नैतिक आधार नसतो, अशी सत्ता बळजबरीने बळकावलेल्या सत्तेसारखीच आहे आणि ती नागरिकांकडून निष्ठेची अपेक्षा करू शकत नाही.

यात नवीन काही आहे का? फारसं नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस लिहून गेले आहेत की जुलमी राजवट समाईक हितासाठी नसून राज्यकर्त्याच्या खासगी हितासाठी असते, म्हणून ती न्याय्य नसते आणि तिला धक्का देणं हा राजद्रोह ठरत नाही. उलट प्रजेत फूट पाडणारा जुलमी राजाच द्रोही. फक्त त्यांनी एक अट घातली: धक्का देताना प्रजेचं त्या जुलमापेक्षा जास्त नुकसान होता कामा नये. ही अट विसरली की थॉमस कुणाच्याही बंदुकीला सोयीचे होतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये ‘आनंद आणि आशा’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या दस्तऐवजात हेच आजच्या भाषेत मांडलं. राज्य आणि ख्रिस्तसभा आपापल्या क्षेत्रात स्वतंत्र आहेत, पण माणसाचे मूलभूत हक्क किंवा आत्म्याचं तारण यांची मागणी असेल तेव्हा राजकीय बाबींवरही नैतिक निवाडा देण्याचा ख्रिस्तसभेला अधिकार आहे. ‘निवाडा’ हा शब्द तोलून घेतलेला आहे. त्यात कार्यक्रम येत नाही, उमेदवार येत नाही. त्याच दस्तऐवजात दुसरीकडे प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांना, सांगितलं आहे की प्रत्येक प्रश्नावर तयार उत्तर आपल्या धर्मगुरूंकडे असेलच असं समजू नका. ते त्यांचं कामही नाही.

आता पत्रकातला मला सर्वांत आवडलेला भाग. चार आरोप झाले, निवाडा झाला. यापुढे हुकूम येणार असं वाटतं. पण बिशप म्हणतात: प्रत्येक श्रद्धावंताने, प्रत्येक समूहाने या निवडणुकीबद्दल आपलं मत स्वतः बनवावं. आणि श्रद्धेच्या प्रकाशात त्यांनाही आम्हा बिशपांसारखंच दिसलं, तर सर्वांनी एकत्र यावं आणि काय करायचं ते मिळून ठरवावं.

तो ‘तर’ सोडून देऊ नका. ज्या देशात कार्डिनलच्या एका शब्दावर लाखो माणसं घराबाहेर पडू शकत होती तिथे बिशपांनी एक ‘जर-तर’ ठेवला. लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीला मधे वगळून पुढे जायचं नाही, हे त्यात आहे. मार्कोस आणि त्यांचे विरोधक दोघेही लोकांकडे मतांचा आकडा म्हणून पाहत होते, असं म्हटलं तर कोरीबाईंवर थोडा अन्याय होईल. पण पत्रक त्यांच्याकडे आकडा म्हणून पाहत नाही एवढं नक्की. पोप पॉल सहावे यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की जगभर लागू होईल असं एकच उत्तर देणं आमचं ध्येय नाही; आपापल्या देशातली परिस्थिती तिथल्या ख्रिस्ती समूहांनीच तपासावी. त्या वाक्याचा एवढा प्रामाणिक अंमल मी दुसरीकडे वाचलेला नाही.

मार्ग कोणता, हे मात्र पत्रक मोघम सोडत नाही. रक्तपात नको, भावाने भावाला मारणं नको. पण हात जोडून बसणंही नको. अन्याय संघटितपणे झाला, तेव्हा त्याची दुरुस्तीही संघटितपणेच व्हायला हवी. न्यायासाठी अहिंसक लढा, शांततेच्या साधनांनी दुष्टाईचा सक्रिय प्रतिकार. याचे नमुने म्हणून ते संतांकडे बोट दाखवत नाहीत. मतदान केंद्रांवरचे स्वयंसेवक, भीती न बाळगता काम केलेले शिक्षक आणि कारकून, मत न विकलेले साधे मतदार, रेडिओ व्हेरिटास या कॅथलिक केंद्राचे निवेदक आणि त्या खुर्च्या मागे सारून उठलेले संगणक कर्मचारी, यांचा गौरव पत्रकात आहे. म्हणजे आठवडाभरापूर्वी देवळात आणून ठेवलेलं सत्य देवळाने व्यासपीठावरून परत केलं. (त्या कर्मचाऱ्यांच्या प्रमुख बाईंचे पती लष्करातल्या बंडखोर अधिकाऱ्यांच्या गटात होते. धुतल्या तांदळासारखं असं काहीच त्या महिन्यात नव्हतं.)

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. पत्रक बाहेर आलं तेव्हा संसदेने विजेता घोषित केलेला नव्हता. मार्कोस यांच्या विजयावर तिथे १५ तारखेला शिक्कामोर्तब झालं. म्हणजे कायदेशीर प्रक्रिया पुरी होण्याआधीच बिशपांनी निकाल दिला. हे घाईचं नव्हतं का? मला नाही वाटत. निवाडा कोण जिंकलं यावर नव्हता, मोजणी कशी झाली यावर होता, आणि त्याचा पुरावा बिशपांना आपापल्या धर्मग्रामांतून, म्हणजे स्थानिक चर्चच्या समूहांतून, मिळालेला होता. पण हेही तितकंच खरं की धर्मग्रामांतून आलेली माहिती म्हणजे उलटतपासणी झालेली साक्ष नव्हे. तशी धोंड गळ्यात बांधून घेतल्याशिवाय नैतिक निवाडा देता येत नाही. बिशपांनी ती घेतली.

रेडिओ

२२ फेब्रुवारी, शनिवार. संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले आणि सैन्याचे उपप्रमुख फिदेल रामोस यांनी मार्कोस यांची साथ सोडली आणि मनिलातल्या लष्करी छावण्यांत, आधी आगिनाल्दो आणि मग समोरच्या क्रेममध्ये, आश्रय घेतला. बंडाचा कट फुटला होता आणि अटक टाळण्यासाठी त्यांनी हे पाऊल उचललं. बरोबर थोडेथोडके सैनिक. एन्रिले यांनी कार्डिनलना फोन लावला. रात्री नऊच्या सुमारास सिन रेडिओ व्हेरिटासवर बोलले: आपल्या दोन चांगल्या मित्रांना पाठिंबा द्या, छावणीकडे जा, त्यांना खायला न्या, रक्त सांडू देऊ नका. मठांतल्या एकांतवासी सिस्टरांना त्यांनी वेगळे फोन केले: उपास धरा, मी सांगेपर्यंत प्रार्थना थांबवू नका.

‘दोन चांगले मित्र’ कोण? एन्रिले हे लष्करी कायद्याच्या अख्ख्या काळात मार्कोस यांचे संरक्षणमंत्री. १९७२ मध्ये त्यांच्या गाडीवर झालेला हल्ला लष्करी कायद्याचं निमित्त म्हणून वापरला गेला होता. बंडाच्या वेळी त्यांनीच कबूल केलं की तो बनाव होता. वर सांगितलं की या निवडणुकीत आपल्या भागात साडेतीन लाख मतांची फसवणूक झाली. रामोस त्याच काळात कॉन्स्टेब्युलरी या लष्करी पोलीस दलाचे प्रमुख; राजकीय कैद्यांना पकडणारी तीच. ज्यांची पोरं त्या कोठड्यांतून परत आलीच नाहीत त्या आईबापांनी त्या रात्री रेडिओ ऐकला असेल. ‘मित्र’ हा शब्द त्यांच्या कानाला कसा लागला असेल?

पत्रकाशी ताडून पाहा. पत्रक बिशपांच्या सभेचं, आवाहन एका माणसाचं. पत्रकात एकही नाव नाही, आवाहनात दोन माणसं. पत्रक म्हणतं, तुम्हाला पटलं तर एकत्र बसून ठरवा. आवाहन म्हणतं, निघा. तत्त्वाचा निवाडा तिथे संपला आणि व्यवहारविवेक सुरू झाला. व्यवहारविवेकात कार्डिनल इतर कुणाहूनही जास्त शहाणा असेल अशी हमी व्हॅटिकन परिषदेने कधी दिलेली नाही.

तरीही मी ते आवाहन चुकीचं म्हणणार नाही. कारण साधं आहे: त्या रात्री दोन सशस्त्र गट शहराच्या मध्यात आमनेसामने येणार होते, आणि पहाटेपर्यंत ठरवून होणाऱ्या गोष्टींना वेळ नव्हता. निःशस्त्र माणसांची भिंत मधे उभी राहिली तर गोळीबार टळेल, हा अंदाज होता. फसला असता तर? मग सिन यांच्या शब्दावर बाहेर पडलेल्या आयाबाया रणगाड्याखाली गेल्या असत्या आणि त्या रक्ताचा जाब सिन यांनाच द्यावा लागला असता. हे ओझं यशामुळे आपल्याला दिसत नाही. यशाने एखादी कृती योग्य ठरत नाही. नुसती तिची चौकशी व्हायची थांबते.

पुढचे तीन दिवस जगाने पाहिले. एपिफानिओ दे लोस सांतोस ॲव्हेन्यू या रुंद रस्त्यावर, ज्याचं लघुरूप एड्सा, लाखो लोक जमले. रविवारी पहाटेपूर्वीच सशस्त्र टोळीने बुलाकानमधलं व्हेरिटासचं प्रक्षेपण यंत्र मोडून टाकलं. केंद्र राखीव यंत्रावर चालू राहिलं. तेही संध्याकाळपर्यंत बंद पडलं. मग निवेदिका जून कीथली यांनी दुसऱ्या एका केंद्रावरून ‘रेडिओ बंडखोर’ म्हणून आवाज चालू ठेवला. रणगाडे कुठल्या रस्त्याने येतायत आणि कुठल्या नाक्यावर माणसं कमी पडतायत, हे लोकांना त्या आवाजातून कळत होतं.

रविवारी दुपारी ओर्तिगास रस्त्यावर जनरल आर्तेमिओ तादियार यांचे मरीन आणि चिलखती वाहनं आली. समोर सिस्टर गुडघे टेकून रोझरी म्हणत होत्या, मागे पोरंटोरं, म्हातारे, हातात फुलं, सिगारेटी, पाव. वाहनं गुरगुरली, थोडी सरकली, थांबली. शेवटी मागे फिरली. सोमवारी कर्नल ब्राउलिओ बाल्बास यांच्या तोफा क्रेमवर रोखलेल्या होत्या आणि डागा असा हुकूम पुन्हा पुन्हा येत होता. तोफा डागल्या गेल्या नाहीत. त्याच दिवशी हवाई दलाची हेलिकॉप्टरं क्रेममध्ये उतरली ती हल्ला करायला नव्हे, सामील व्हायला. २५ तारखेला सकाळी कोरी अक्विनोंनी सान हुआनमधल्या क्लब फिलिपिनोत शपथ घेतली, दुपारी मार्कोस यांनी मालाकान्यांगमध्ये, आणि रात्री मार्कोस अमेरिकन हेलिकॉप्टरने देश सोडायला निघाले.

जपमाळेने रणगाडे थांबले, असं आपल्याकडच्या प्रवचनांत सांगतात. थांबले हे खरं. पण सैन्यातली फूट, वॉशिंग्टनने काढून घेतलेला हात आणि गर्दीच्या पाठीशी असलेले बंडखोरांचे शस्त्रसाठे वगळून ही गोष्ट सांगितली तर ती खोटी होते. गर्दी निःशस्त्र होती; ती ज्यांचं रक्षण करत होती ते नव्हते.

महिन्याभरात, २२ मार्च १९८६ या तारखेचा, व्हॅटिकनचा ख्रिस्ती स्वातंत्र्य आणि मुक्तीवरचा दस्तऐवज आला. दीर्घकाळ चाललेल्या उघड जुलमावर शेवटचा उपाय म्हणून सशस्त्र लढ्याची शक्यता त्यात मान्य केली आहे, आणि लगेच म्हटलं आहे की निष्क्रिय प्रतिकाराचा मार्ग नीतीला अधिक धरून आहे आणि त्यात यशाची शक्यताही कमी नाही. हा मजकूर मनिलाच्या आधीपासून तयार होत होता हे उघड आहे; पण छापून आला तेव्हा प्रत्येक वाचकाच्या डोळ्यांपुढे तोच रस्ता असणार.

त्यानंतर

नव्या राज्यघटनेच्या आयोगात एक बिशप, एक जेझुइट घटनातज्ज्ञ आणि एक सिस्टर होत्या, आणि १९८७ च्या त्या घटनेत ख्रिस्तसभा व राज्य यांच्यातली फारकत अभंग राहील असं स्पष्ट कलम आहे. जमिनीच्या प्रश्नावर मात्र जुनंच चाललं. २२ जानेवारी १९८७ रोजी जमीनसुधारणा मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर मेंदिओला पुलाजवळ गोळीबार झाला, डझनभर माणसं मेली. कोरी यांच्या माहेरच्या घराण्याची प्रचंड उसाची जमीन, हासिएंदा लुइसिता, १९८८ च्या जमीन कायद्यातल्या, जमिनीऐवजी शेअर वाटण्याच्या पळवाटेने बरीच वर्षं शेतकऱ्यांच्या हाती गेली नाही. फसवणुकीच्या मतमोजणीवर जितक्या तातडीने पत्रक निघालं तितक्या तातडीने यावर काही घडलं नाही. समाईक हिताला मतपेटी कळते तशी जमीनही कळायला हवी होती.

सवय मात्र लागली. जानेवारी २००१ मध्ये सिन यांनी पुन्हा लोकांना एड्सावर बोलावलं, या वेळी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्याविरुद्ध. एस्ट्राडा भ्रष्ट होते असा आरोप होता, पण १९९८ मध्ये ते रीतसर, आणि गरिबांच्या भरघोस मतांनी, निवडून आले होते. १३ फेब्रुवारीच्या पत्रकाची कसोटी त्यांना लागूच पडत नव्हती. २२ फेब्रुवारीचा नमुना तेवढा उचलला गेला. एस्ट्राडा गेले. काही महिन्यांनी त्यांचे समर्थक, झोपडपट्ट्यांतली माणसं, त्याच रस्त्यावर, तिथल्या मेरीमातेच्या मूर्तीपाशी जमले, आणि १ मेच्या पहाटे प्रासादावर चालून गेले. त्यांच्यासाठी सिस्टर गुडघे टेकायला आल्या नाहीत.

२००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया आरोयो यांच्यावर खरोखरच मतमोजणीत ढवळाढवळ केल्याचा आरोप आला. सिन जूनमध्ये वारले होते. जुलैमधल्या निवेदनात बिशपांनी राजीनामा मागायला नकार दिला आणि लोकांनी स्वतः विचार करावा असं सांगितलं. १९८६ च्या ‘तर’ची आठवण होते. फक्त तेव्हा ‘तर’च्या आधी रोखठोक निवाडा होता, या वेळी तो नव्हता.

२०१३ चं प्रकरण वेगळ्याच चवीचं. आदल्या वर्षी प्रजनन आरोग्याचा कायदा झाला होता. बाकोलोदच्या कॅथेड्रलवर सहा फूट बाय दहा फुटांचा फलक लागला: कायद्याच्या विरोधात मत देणारे उमेदवार ‘जीवनाचा संघ’, बाजूने देणारे ‘मृत्यूचा संघ’, नावानिशी. निवडणूक आयोगाने तो मोठा आहे म्हणून काढायला सांगितलं, कारण प्रचारफलकाची मर्यादा दोन बाय तीन फूट. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिशपांच्या बाजूने निकाल दिला. अभिव्यक्तीचा हक्क म्हणून तो मला पटतो. पण देवळाच्या भिंतीवर नावांचे दोन रकाने पाहिले की ज्या पत्रकात एकही नाव नव्हतं ते आठवतं. एका कायद्यावरच्या मतावरून अख्खा माणूस मृत्यूच्या रकान्यात घातला, की त्याच्या जमिनीवरच्या, मजुरीवरच्या, कैद्यांवरच्या भूमिकेकडे पाहायला जागा राहत नाही.

मे २०२२. फर्डिनांड मार्कोस यांचा मुलगा, तेच नाव लावणारा, राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा. अनेक धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी त्याच्या प्रतिस्पर्धी लेनी रोब्रेदो यांना उघड पाठिंबा दिला. धाकट्या मार्कोस यांना ३ कोटी १० लाखांहून जास्त मतं पडली, रोब्रेदोंच्या दुपटीहून अधिक. या वेळी खुर्च्या मागे सारून कुणी बाक्लारानला गेलं नाही. लोकांनी बोलण्याचा प्रयत्न केला असं म्हणायला जागा नव्हती; ते बोलले होते. आणि मतं चोरली गेली तर काय करायचं ते सांगणाऱ्या पत्रकात, ती राजीखुशीने दिली गेली तर काय, याबद्दल एक ओळही नाही.